घाटात १९८ मिनिटे: एका इंटरसिटी गाडीच्या खोळंब्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईहून निघून सह्याद्री चढणाऱ्या, संध्याकाळच्या एका इंटरसिटी गाडीचे हे प्रकरण आहे. गाडीचा क्रमांक, तारीख आणि स्थानकांची नावे काढून टाकली आहेत. घाट भोर की थळ, हेही मुद्दाम सांगितलेले नाही, कारण या बाबतीत दोन्हींचे दुखणे एकच आहे. भोर घाट १८६३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, थळ १८६५ मध्ये. दोन्हीकडे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. त्यामुळे पायथ्याच्या स्थानकात गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने जोडायची आणि माथ्याच्या स्थानकात काढायची, हा रोजचा क्रम. पुढे या दोन स्थानकांना ‘पायथा’ आणि ‘माथा’ एवढेच म्हटले आहे.

रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा संच, एलएचबी या नव्या पद्धतीच्या डब्यांची, १६ डब्यांची. त्यात प्रत्येकी ७८ आसनांच्या ४ एसी चेअर कार, बाकी सेकंड सीटिंग व जनरल, आणि शेपटाला पॉवर कार. पॅन्ट्री कार नाही. तीन-चार तासांच्या प्रवासाला ती लागत नाही, असे गृहीत धरलेले असते. त्या संध्याकाळी गाडीत सुमारे १,४०० प्रवासी होते.

या रेकबद्दल दोन गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे.

पहिली गोष्ट विजेची. या गाडीतले दिवे, पंखे आणि एसी यांना वीज इंजिनातून मिळते. इंजिन ओव्हरहेड वायरमधून २५ हजार व्होल्ट घेते आणि ती वीज उतरवून ७५० व्होल्टने डब्यांना पुरवते. रेल्वेत या पद्धतीला एचओजी म्हणतात. पॉवर कारमधला डिझेल जनरेटर नुसता राखीव असतो. वायर गेली की इंजिन मरते आणि त्याच क्षणी डब्यांची वीजही जाते. मग पॉवर कारमधल्या तंत्रज्ञाने जनरेटर चालू करून भार त्यावर घ्यायचा. तोवर बॅटरीवरचे मोजके दिवे तेवढे जळतात.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती प्रवाशांना सोडाच, रेल्वेतल्या अनेकांनाही ऐनवेळी आठवत नाही. आयसीएफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या डब्यांत पाण्याच्या टाक्या छतापाशी असतात. पाणी आपल्या वजनाने नळाला येते, वीज असो वा नसो. एलएचबी डब्याच्या मोठ्या टाक्या डब्याच्या पोटाखाली असतात. तिथून विजेचा पंप पाणी वरच्या छोट्या टाकीत चढवतो आणि तिथून ते संडासात व बेसिनला जाते. वीज गेली की पंप बंद. वरच्या टाकीतले पाणी संपले की खाली टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. म्हणजे एलएचबी गाडीत वीज जाणे म्हणजे थोड्याच वेळात पाणी जाणे. ‘एसी बंद पडला’ अशी तक्रार आली की ‘नळही तासाभरात आटणार’ हे त्यातच वाचायला हवे.

अडचण कशी उभी राहिली

उलट्या दिशेची फेरी ७० मिनिटे उशिरा मुंबईत पोचली. रेकला परतीसाठी मिळणारा वेळ आटला. डब्यांत पाणी भरायला ३५ मिनिटे मिळतात, तिथे १२ मिळाली. फलाटाच्या कडेच्या हायड्रंटना पाइप लावून पुढच्या ९ डब्यांच्या टाक्या भरल्या गेल्या. मागच्या ७ डब्यांत आधीचे उरलेले पाणी होते तेवढेच. गाडी मात्र फक्त २० मिनिटे उशिरा सुटली आणि नोंदवहीत ही फेरी ‘वेळ भरून काढला’ म्हणून जमा झाली. पाण्याची तूट कुठेच लिहिली गेली नाही. पायथ्याच्या स्टेशन मास्तरला ती कळण्याचा मार्गच नव्हता.

गाडी पायथ्याला आली तेव्हा घाटात जोराचा पाऊस होता. आधीच्या ४० मिनिटांत ओव्हरहेड वायर दोनदा ट्रिप होऊन पुन्हा चालू झाली होती. असे ट्रिपिंग पावसात नेहमीचे: ओली फांदी वायरला टेकते, सबस्टेशनचा ब्रेकर पडतो, फांदी सुटते, ब्रेकर पुन्हा बसतो. पण घाटात एकाच टप्प्यावर थोड्या वेळात दोनदा ट्रिप झाली, तर बहुतेक वेळा तेच झाड कलते आहे असा अर्थ घ्यावा.

बँकर जोडले, ब्रेकची चाचणी झाली, सिग्नल मिळाला. गाडी निघाली आणि सुमारे ५ किलोमीटर चढून गेल्यावर झाड वायरवर कोसळले. वायर तुटली. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये, चढावर उभी राहिली. शेवटचे दोन डबे आणि पॉवर कार बोगद्याच्या आत. पुढची मिनिटे या थांब्यापासून मोजली आहेत.

पहिली ५८ मिनिटे

लोको पायलट (इंजिन चालक) आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड) यांचे सुरुवातीचे काम चोख झाले, हे आवर्जून लिहायला हवे. चढावर वीज गेली की इंजिनांचे कॉम्प्रेसर बंद होतात. एअर ब्रेक लागलेला असतो, पण हवा हळूहळू झिरपते आणि ब्रेकचा जोर उतरत जातो. म्हणून हवेच्या भरवशावर न राहता इंजिनांचे आणि पॉवर कारचे हँडब्रेक आवळायचे आणि चाकांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या. १० मिनिटांच्या आत, भर पावसात, टॉर्चच्या उजेडात हे पूर्ण झाले. पाचर चाकाच्या उताराकडच्या बाजूला, रुळावर घट्ट बसली की नाही हे सहायक लोको पायलटने एकेक करून बुटाने दाबून पाहिले.

१४ व्या मिनिटाला जनरेटर सुरू झाला. एसी आला, पंप चालू झाले, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण पॉवर कार बोगद्यात होती. पूर्ण भारावर असा जनरेटर तासाला ६० ते १०० लिटर डिझेल जाळतो. तो सगळा धूर बोगद्यात कोंडून शेवटच्या दोन जनरल डब्यांत शिरू लागला. माणसे खोकू लागली. ३४ व्या मिनिटाला तंत्रज्ञाने जनरेटर बंद केला. तेव्हा ते बरोबरच होते. चूक पुढे झाली: धुराचा प्रश्न ‘जनरेटर चालू की बंद’ एवढ्यातच अडकला. भार कमी करून चालवता येईल का, हे एक तास कोणी विचारले नाही.

दरम्यान नियंत्रण कक्षाला वायर तुटल्याचे ६ व्या मिनिटालाच कळले होते. दुरुस्तीला टॉवर वॅगन, म्हणजे ओव्हरहेड वायर दुरुस्त करणारी गाडी, माथ्याकडून येणार होती. पहिला अंदाज आला: अर्धा तास. तो टॉवर वॅगन जागेवर पोचायला लागणारा वेळ होता, दुरुस्तीचा नव्हे. तुटलेल्या वायरच्या कामात आधी तो भाग वेगळा करावा लागतो, पॉवर ब्लॉक (वायरमधली वीज बंद ठेवण्याची परवानगी) लेखी घ्यावा लागतो, दोन्ही बाजूंना अर्थिंग करावे लागते, झाड कापून बाजूला करावे लागते, मग वायर जोडून ताण आणि उंची तपासायची. उजेडात, कोरड्या हवेत आणि सपाटीवर हे काम दीड तासात झाले तरी वाखाणण्याजोगे. रात्री घाटात अर्ध्या तासाचा आकडा टिकणे शक्यच नव्हते, आणि वीज विभागातल्या कुणालाही विचारले असते तर त्याने तसे सांगितले असते. पण तोच आकडा वॉकी-टॉकीवरून ट्रेन मॅनेजरकडे, तिथून टीसींकडे आणि टीसींकडून प्रवाशांकडे गेला.

समोर असलेले पर्याय

५८ व्या मिनिटाला टॉवर वॅगनवरून खरी स्थिती कळली आणि पर्यायांचा विचार सुरू झाला. चार होते.

वायर जोडली जाईपर्यंत थांबणे हा सर्वांत सोपा. त्यात गाडी हलवण्याची जोखीम नाही, पण प्रवासी किती वेळ अंधारात राहणार याला अंत नाही.

माथ्याकडून डिझेल इंजिन आणून गाडी वर ओढणे ऐकायला बरे वाटते, पण ३७ ला १ चढावर १६ डबे आणि तीन मृत विद्युत इंजिने ओढणे एका डिझेलच्या ताकदीबाहेरचे आहे. शिवाय वाटेत तुटलेली वायर लोंबत होती. हा पर्याय लगेच बाद झाला.

प्रवाशांना उतरवून शेजारच्या लाइनवर आणलेल्या दुसऱ्या गाडीत चढवणे. शेजारची वायर शाबूत होती, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. पण फलाट नाही, खडीपासून डब्याची पायरी छातीइतकी उंच, पाऊस, अंधार, एका बाजूला दरी. १,४०० लोकांत म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि सामान. आग किंवा दरड असती तरच हे करायचे.

उरला चौथा: पायथ्याकडून डिझेल आणून बँकरच्या मागे जोडायचे, त्याच्या हवेने सगळ्या गाडीचे ब्रेक भरून घ्यायचे आणि गाडी मागे पायथ्याच्या फलाटावर उतरवायची. उतारावर ओढण्याच्या ताकदीचा प्रश्न नसतो, ब्रेकचा असतो. आणि हवा भरून चाचणी झाली की तो सुटतो. हाच पर्याय निवडला गेला. निवड योग्य होती, ती ५२ मिनिटे उशिरा झाली. डिझेल त्याच घाटाखालच्या एका यार्डातून यायचे होते आणि त्याला सुमारे ७० मिनिटे लागणार होती.

काय केले, काय घडले

७० व्या मिनिटाच्या सुमारास मागच्या डब्यांतले नळ आटले. पुढच्या डब्यांतले त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत. बायो-टॉयलेटमध्ये पाणी नसेल तर मैला खाली टाकीत सरकत नाही, भांड्यातच साचतो. एका डब्यात एक आई मुलाला घेऊन लागोपाठ चारही संडासांची दारे उघडून पाहून परत आली. तिच्या हातातली पाण्याची बाटली पिण्यासाठी होती. तीच शेवटी वापरावी लागली. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर आणि रेलमदद ॲपवर त्या तासात आलेल्या तक्रारींत एसीपेक्षा संडासाच्या आणि पाण्याच्या तक्रारी अधिक होत्या.

तोवर ‘अर्ध्या तासात निघणार’ हे तीनदा सांगून झाले होते. तिसऱ्यांदा ते कोणी ऐकून घेतले नाही. ८० व्या मिनिटापासून लोक खाली उतरू लागले. बहुतेक जण मोकळ्या हवेसाठी आणि आडोशासाठी. पण सुमारे दीडशे जणांनी रुळावरून पायथ्याकडे चालायला सुरुवात केली. पाच किलोमीटर, उतार आहे, जाऊ चालत, असा हिशेब. ट्रेन मॅनेजरने हे कळवताच शेजारच्या लाइनवरच्या गाड्या थांबवाव्या लागल्या. आणि मदतीला येणारे डिझेल अडकलेल्या गाडीच्याच लाइनवरून, व्यापलेल्या ब्लॉकमध्ये (आधीच गाडी उभी असलेल्या टप्प्यात) शिरण्याचे लेखी अधिकारपत्र घेऊन वर येत होते. रुळावर माणसे आहेत म्हटल्यावर लोको पायलटने शेवटचे दोन किलोमीटर शिट्टी वाजवत, माणसाच्या चालीने कापले. १२८ व्या मिनिटाला अपेक्षित इंजिन १५० व्या मिनिटाला पोचले. खोट्या अंदाजाने लोकांना खाली उतरवले आणि उतरलेल्या लोकांनी मदतीची गाडी २२ मिनिटे अडवली.

९५ व्या मिनिटाला मात्र एक चांगले काम झाले. नियंत्रण कक्षातल्या विद्युत विभागाच्या पर्यवेक्षकाने फोनवर पॉवर कारच्या तंत्रज्ञाला सांगितले: आधी प्रत्येक डब्याच्या स्विचबोर्डवर जाऊन एसीचे ब्रेकर पाड, फक्त पंप आणि दिवे ठेव, मग जनरेटर लाव. दोन टीसी आणि तंत्रज्ञाचा मदतनीस डब्याडब्यांतून हिंडले. भार एवढा उतरला की धूर सोसण्याइतका राहिला. शेवटच्या दोन डब्यांतल्या लोकांना पुढे सरकवले, जनरेटर १० मिनिटे चालवला, वरच्या टाक्या भरल्या, बंद केला. अर्ध्या तासाने पुन्हा १० मिनिटे. नळाला पाणी आले. एसी चेअर कारच्या बंद काचांच्या डब्यांत कोंडणाऱ्या हवेसाठी दोन्ही टोकांची दारे उघडी ठेवून दाराशी एकेक कर्मचारी उभा केला.

हवा भरणे, ब्रेकची चाचणी, मग पाचरी काढणे, याच क्रमाने काम झाले. १७६ व्या मिनिटाला गाडी हलली आणि १९८ व्या मिनिटाला पायथ्याच्या फलाटाला लागली.

परिणाम

कोणी जखमी झाले नाही. फलाटावर हायड्रंट होते, स्टॉल उघडे होते, संडास होते. वडापाव आणि चहा संपेपर्यंत रांगा होत्या. वायर २३१ व्या मिनिटाला जोडून झाली. दरम्यान सगळ्या डब्यांत पाणी भरले गेले, बँकरची पुन्हा चाचणी झाली आणि गाडी २६२ व्या मिनिटाला दुसऱ्यांदा घाट चढू लागली. सुमारे तीनशे प्रवाशांनी पायथ्यालाच प्रवास सोडला.

परताव्याच्या बाबतीत गोंधळ झाला, आणि त्यात नियमांचा वाटा मोठा आहे. गाडी ३ तासांहून अधिक उशिरा असेल तर पूर्ण परतावा मिळतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो नियम चढण्याच्या स्थानकावरचा उशीर मोजतो आणि प्रवास न करणाऱ्यासाठी आहे. माथ्याला याच गाडीची वाट पाहणाऱ्यांना तो लागू होता, गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर (परताव्याच्या दाव्याचा अर्ज) भरला तर. गाडीत अडकलेल्यांना नाही. एसी बंद राहिल्याबद्दल चेअर कारच्या प्रवाशांना एसी चेअर कार आणि सेकंड क्लास मेल-एक्स्प्रेस यांच्या भाड्यातला फरक मिळू शकतो, पण एसी बंद असलेल्या अंतरापुरताच. वेळ मोजली जात नाही. तीन तास कोंडून बसलेल्या माणसाने अंतर कापले जेमतेम ५ किलोमीटर! वर त्यासाठी गाडीतल्या तिकीट तपासनिसाचे प्रमाणपत्र आणि गाडी पोचल्यापासून २० तासांच्या आत टीडीआर लागतो. प्रमाणपत्राची वही एका टीसीपाशी होती आणि तो पंपासाठी ब्रेकर पाडत फिरत होता.

वेगळे काय करता आले असते

*मुंबईत.* १२ मिनिटांत सगळे डबे भरणे जमणार नव्हते. पण पुढचे ९ पूर्ण आणि मागचे ७ तसेच यापेक्षा सगळे अर्धे भरणे बरे होते, आणि ‘मागच्या ७ डब्यांत पाणी भरलेले नाही’ एवढा निरोप पायथ्याला द्यायला हवा होता. बँकर जोडायला गाडी तिथे थांबतेच. त्या वेळात दोन माणसे चार-पाच डबे भरू शकतात.

*पायथ्यावर.* सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय इथला: गाडी घाटात सोडायची की रोखायची. गाडी रोखली असती तर मागून येणारी मेल अडकली असती, कारण फलाटाची दुसरी लूप लाइन (गाडी बाजूला उभी करण्याची लाइन) मालगाडीने अडवली होती. नियंत्रकाने वाहतुकीचा हिशेब मांडला आणि तो चुकीचा नव्हता. त्यात एक रकाना कमी होता: ही गाडी पुढे अडकली तर कुठे अडकेल? थांबवायचीच असेल तर गाडी फलाटावर थांबवावी, हे तत्त्व पावसाळ्यात नवे नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावे लागले. दोनदा ट्रिप झालेली वायर, मुसळधार पाऊस आणि रात्र हे तिन्ही जुळले असताना मालगाडी आधी वर पाठवून लूप मोकळी करणे आणि पेट्रोलमनकडून (रुळांवर गस्त घालणाऱ्याकडून) ट्रिपिंगचा टप्पा पाहून घेणे, यात वीस-पंचवीस मिनिटे गेली असती. आमच्या मते ती घालवायला हवी होती.

*६ व्या मिनिटाला.* वायर तुटल्याचे कळताच डिझेल मागवले असते तर ते ७६ व्या मिनिटाला पोचले असते. जोडणीपासून फलाटापर्यंतची तीच ४८ मिनिटे धरली तर गाडी १२४ व्या मिनिटाला पायथ्याला लागली असती. वायर लवकर जुळली असती तर डिझेल परत पाठवता आले असते. फुकट गेलेल्या एका फेरीची किंमत या ७४ मिनिटांपुढे काहीच नाही.

*३४ व्या मिनिटाला.* जनरेटर बंद करताना लगेच भार उतरवायचा: एसी पाडायचे, पंप ठेवायचे, थोडा वेळ चालवायचे. ९५ व्या मिनिटाला जे केले तेच ४५ व्या मिनिटाला शक्य होते, कारण त्यासाठी बाहेरून काहीही लागत नव्हते. फक्त तंत्रज्ञाच्या कार्डावर ते लिहिलेले नव्हते.

*सांगण्याच्या बाबतीत.* गाडी सुटण्याची वेळ माहीत नसेल तर ती सांगू नये; पुढची खबर कधी देणार ती वेळ सांगावी आणि पाळावी. ‘वायर तुटली आहे, दुरुस्तीची गाडी वरून येते आहे, साडेआठला मी पुन्हा या डब्यात येऊन सांगतो.’ आणि साडेआठला यावे, सांगण्यासारखे काही नसले तरी. रुळावर उतरू नका हे सांगताना कारणही द्यावे: शेजारच्या रुळावर गाड्या चालू आहेत आणि आपल्याला न्यायला येणारे इंजिन याच रुळाने येणार आहे. चालत निघालेल्या दीडशे जणांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते.

यानंतर त्या मार्गावर बदलले ते इतके: पॉवर कारमध्ये भार उतरवण्याच्या क्रमाचे लॅमिनेट केलेले कार्ड लागले, प्रत्येक एसी डब्याच्या टीसीला प्रमाणपत्राची स्वतंत्र वही मिळाली, आणि मुंबईत किती डबे भरले हा आकडा बँकर जोडण्याच्या निरोपातच पायथ्याला कळवला जाऊ लागला. पायथ्याच्या एका फलाटावरच्या हायड्रंटचे तीन पाइप तेव्हा फाटलेले होते. ते पुढच्या पावसाळ्याआधी बदलले गेले.